ओंडका चढवायच्या आधी मिलची तयारी कशी करता? (आमचा परवा पलीकडे पडला)

गोराईचा_सुतार (सोमवार, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

गोराईला आमची छोटी वाडी आहे तिथे दीड वर्षापूर्वी हायड्रॉलिकवाली पोर्टेबल सॉमिल आणली. आडवी बँडसॉ (पट्ट्यासारखं गोल फिरणारं पातं), ट्रेलरवर बसवलेली, ओंडका उचलायला बाजूला दोन हात, फिरवायला पंजा, धरायला क्लॅम्प, सगळं लिव्हरवर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष मशीनचा नाहीच, माझा आहे. लाकूड बहुतेक सोसायट्यांचं, परवानगीने तोडलेलं, शिरीष (तोच, रस्त्यावरचा रेन ट्री), गुलमोहर, कधी आंबा. शिरिषाच्या फळ्यांना हल्ली टेबलांसाठी बरी मागणी आहे.

तर शनिवारी काय झालं. सकाळपासून दोन ओंडके कापून झाले होते, तिसरा घ्यायचा. शिरीषच, दहा फूट लांब, घेर सहा फूट. भाचा पलीकडे कापलेल्या फळ्या रचत होता. मी लिव्हर ओढली, हात उचलले, ओंडका छान वर आला, बेडवर (ज्यावर ठेवून कापतो ती चौकट) घरंगळला आणि थांबलाच नाही. सरळ बेड ओलांडून पलीकडे धाडकन खाली. भाचा मिनिटभर आधी पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला. रचलेल्या फळ्यांचा मात्र चुरा, दोन तर मधोमध मोडल्या.

कारण लगेच कळलं. बेडच्या पलीकडच्या बाजूला जे उभे आडोसे असतात, साइड सपोर्ट, आमची पोरं त्यांना शिपाई म्हणतात, ते खाली झोपलेले होते. आधीच्या ओंडक्याच्या शेवटच्या फळ्या कापताना पातं शिपायांना लागू नये म्हणून ते खाली घ्यावेच लागतात. मी घेतले, फळ्या कापल्या, चहा प्यालो आणि वर करायचे विसरलो. बस एवढंच.

दोन रात्री झोप नाही. आता विचारायचंय की तुम्ही लोक चढवायच्या आधी नक्की काय काय बघता, कुठल्या क्रमाने? मॅन्युअलात आहे पण ते वाचून कळतं आणि कामाच्या घाईत विसरतं. आणि अजून कुठे कुठे असं होऊ शकतं तेही सांगा, म्हणजे मला एकदाच घाबरून घेता येईल.

फर्निचरवेडा_ठाणे (सोमवार, ११:२५)

बापरे. भाच्याला सांभाळा आधी. मी घरातल्या बाल्कनीत रंधा मारणारा माणूस, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पण धागा फॉलो करतोय. एक बाळबोध प्रश्न, शिपाई लोखंडाचे असतील ना, मग ते कायमचे वर वेल्ड का नाही करत?

गोराईचा_सुतार (सोमवार, ११:३१)

कारण मग शेवटच्या तीनचार इंचाच्या फळ्या कापताच येणार नाहीत भाऊ, पातं थेट शिपायात जाईल. खालीवर व्हायलाच हवेत.

रेरोडचे_काका (मंगळवार, सकाळी ६:५०)

मी रे रोडला लकडी बंदराच्या बाजूच्या आरा मशीनवर अठ्ठावीस वर्षं काढली, आता रिटायर. आमच्याकडे उभी बँडसॉ आणि रुळावरची ट्रॉली, ओंडका पहारीने लोटून ट्रॉलीवर घ्यायचा. तुमचं हे लिव्हरचं मशीन मी दोनदाच चालताना बघितलंय. पण तुमची गोष्ट वाचली आणि ओळखीची वाटली.

आमच्यात जितके हातपाय गेले त्यातले कापताना थोडे, चढवताना आणि उतरवताना जास्त. आणि चढवताना जे गेले ते बहुतेक पहिल्या ओंडक्याला नाही गेले. पहिल्याला सगळे जागे असतात. मशीन रात्रभर बंद, सगळं नीट मांडून ठेवलेलं. दुसऱ्या तिसऱ्याला घात होतो कारण मशीन आधीच्या ओंडक्याच्या शेवटाला जसं होतं तसंच असतं, आणि माणूस नव्या ओंडक्याच्या सुरुवातीला असतो. तुमचे शिपाई म्हणजे तेच.

आमचा मुकादम एक करायचा. शेवटची फळी उतरली की ट्रॉली परत आणून तो स्वतः मोठ्याने म्हणायचा "खाली झाली". म्हणजे नुसतं लाकूड खाली झालं असं नाही, पाचर काढल्या, आकडे मागे घेतले, पहारी बाजूला, सगळं पहिल्यासारखं. तो शब्द आल्याशिवाय पुढच्या ओंडक्याला कोणी हात लावायचा नाही. चहा त्या शब्दाच्या नंतर. तुम्ही चहा आधी प्यालात.

गोराईचा_सुतार (मंगळवार, ७:१५)

काका, "चहा आधी प्यालात" हे वाक्य मी मिलवर लिहून लावणार आहे. खरंच.

मेंटेनन्सताई (मंगळवार, ८:४०)

लोकलमध्ये टाइप करतेय, चुका पोटात घाला. मी एमआयडीसीत हायड्रॉलिक मेंटेनन्स करते, प्रेस आणि लिफ्ट टेबल, सॉमिल नाही, पण सिलिंडर तो सिलिंडर.

काकांचं बरोबर आहे, त्याला मशीनच्या भाषेत जोडते. ओंडका यायच्या आधी बेड असा पाहिजे: शिपाई सगळे उभे, क्लॅम्प पूर्ण खाली आणि बाहेरच्या बाजूला, फिरवायचा पंजा खाली झोपलेला, टोकं उचलायचे रोलर खाली. म्हणजे ओंडका ज्या वाटेने घरंगळणार त्या वाटेत काहीही उभं नको आणि वाट जिथे संपते तिथे सगळं उभं हवं. पंजा वर राहिला आणि त्यावर आठशे किलो आदळलं तर पंजा वाकेल किंवा ओंडका उडी मारून तिरका होईल, दोन्ही वाईट.

कापायचं डोकं, म्हणजे इंजिन आणि पातं असलेला भाग, ओंडका जिथे येणार तिथून पूर्ण बाजूला. पातं थांबलेलं, क्लच सुटलेला. काही मॉडेलमध्ये डोकं एका ठरावीक टोकाला असतानाच हायड्रॉलिकला करंट मिळतो, तुमचं तसं असेल तर ओंडका दुसऱ्या टोकाकडे सरकवून ठेवा, डोक्याला घासता कामा नये.

शिपाई उभे दिसले म्हणजे टेकलेत असं नाही. त्यांच्या बुडाशी ओला भुसा आणि साल दाबून बसते, मग ते पूर्ण उभे राहत नाहीत, थोडे बाहेर कलतात, आणि लॉक असेल तर तो पकडत नाही. हाताने हलवून बघायचं, नुसतं डोळ्याने नाही.

दादर आलं, बाकीचं रात्री.

बिनधास्त_बाळ्या (मंगळवार, १०:०५)

एवढं काय बाऊ करता राव, आमच्याकडे शहापूरला अजून पहार आणि चार पोरं, आडव्या बल्ल्या लावून ढकलतात, वीस वर्षांत काय झालं नाय. हायड्रॉलिक आलं की लोक आळशी होतात आणि मग धागे काढतात.

गोराईचा_सुतार (मंगळवार, १०:२०)

बाळ्याशेठ, पहारीने ढकलताना ओंडका किती जड आहे ते खांद्याला कळतं. लिव्हरला कळत नाही. माझ्या दोन बोटांनी तो वर आला आणि त्याच दोन बोटांनी पलीकडे गेला. फरक तिथेच आहे.

रेरोडचे_काका (मंगळवार, १०:४५)

बाळ्या, "काय झालं नाय" म्हणणारा मीही होतो. डाव्या हाताचं करंगळीचं पेर नाही मला. असो.

फर्निचरवेडा_ठाणे (मंगळवार, १:३०)

वजनावरून विचारतो. सुतारदादा, दहा फूट आणि घेर सहा फूट म्हणालात. मी हिशोब केला, चौथाई घेर म्हणजे दीड फूट, दीड गुणिले दीड गुणिले दहा, साडेबावीस घनफूट. शिरीष सुकल्यावर घनमीटरला सहाशे किलोच्या आसपास भरतो असं वाचलेलं, म्हणजे ३८० किलो. ताई आठशे म्हणतायत. कुठे चुकलो?

रेरोडचे_काका (मंगळवार, २:१०)

दोन ठिकाणी चुकलात, आणि दोन्ही चुका आमच्या बाजारातलेही करतात म्हणून सांगतो.

चौथाई घेराचा हिशोब हा पैशाचा हिशोब आहे. साल, सपाट करताना जाणारी पाठ, ते सगळं वजा धरून गिऱ्हाइकाला घनफूट मोजायची ती जुनी इंग्रजी पद्धत. खरं लाकूड त्याहून जास्त असतं. गोलाचं क्षेत्रफळ काढा, साडेबावीसचे साडेअठ्ठावीस होतात, म्हणजे सव्वापटीहून थोडं जास्तच. बिलात जे लाकूड धरत नाही ते क्रेनला आणि मशीनला मात्र उचलावंच लागतं.

दुसरं, तुम्ही सुकं लाकूड धरलं. सोसायटीतून आलेला ओंडका ओला असतो. ओल्याला वजन धरताना सरळ पाण्याइतकं धरायचं, घनमीटरला हजार किलो, घनफुटाला अठ्ठावीस किलो. चिंच, बाभूळ तर त्याहून जड. म्हणजे हा ओंडका आठशे किलो. थोडा कमी निघाला तर चांगलंच की.

फर्निचरवेडा_ठाणे (मंगळवार, २:२५)

३८० आणि ८००. देवा. म्हणजे अर्ध्याहून कमी धरलं होतं मी. गप्प बसतो आता.

गोराईचा_सुतार (मंगळवार, २:४०)

गप्प कशाला, मीसुद्धा आजवर बिलातलेच घनफूट बघून "चढेल" म्हणत होतो. मशीनच्या पाटीवर किती किलो उचलेल ते लिहिलंय, त्याच्याशी काय ताडून बघायचं तेच चुकत होतं.

सिव्हिलवाला_डोंबिवली (मंगळवार, ५:५५)

ओंडक्याचं झालं, आता जमीन. गोराई म्हणजे खाडीकाठची मऊ माती ना? मिल तिथे कशावर उभी आहे?

गोराईचा_सुतार (मंगळवार, ६:१०)

खाली भराव टाकून मुरूम दाबलाय पण जॅक थेट मुरुमावर. पावसाळ्यात एकदोनदा एका बाजूने बसली होती, जॅक फिरवून परत लेव्हलला आणली. टायर टेकलेले असतात.

सिव्हिलवाला_डोंबिवली (मंगळवार, ६:४०)

टायर टेकलेले ठेवू नका. टायर म्हणजे स्प्रिंग. ओंडका हातांवर असताना त्याचं वजन मिलच्या चौकटीच्या बाहेर, चढवायच्या बाजूला असतं, मिल त्या बाजूला कलायला बघते, टायर दबतो, अजून कलते, आणि ओंडका मागे म्हणजे तुमच्या अंगावर यायला बघतो. वजन जॅकवर घ्या, टायर नुसता हलका व्हायला पाहिजे, बोटाने फिरला पाहिजे. गाडीपासून सोडायच्या आधी मात्र चाकांना दगड किंवा ठोकळे, नाहीतर जॅक लावतानाच मिल चालायला लागेल.

जॅकखालचं पाऊल बघा किती आहे. सहा इंची चौकोन असेल तर साधारण सव्वादोनशे चौरस सेंटीमीटर. चढवायच्या बाजूच्या एका जॅकवर टनभर यायला वेळ लागत नाही. म्हणजे चौरस सेंटीमीटरला साडेचार किलो, चौरस मीटरला पंचेचाळीस टनाच्या घरात. खाडीची ओली मऊ माती पाच टनाला कुरकुरते. तुमचा मुरूम थोडा सांभाळतोय म्हणून चाललंय, पण भिजला की संपलं. त्याच जॅकखाली दोन फूट बाय दोन फूट पॅड टाका, तेच वजन चौरस मीटरला तीन टनाच्या खाली येतं.

पॅड म्हणजे पातळ प्लायवूड नाही हां. प्लाय मधे वाकतो आणि परत सगळा भार मधल्या सहा इंचावरच येतो. दोन इंची जाड फळ्यांचे दोन थर, एक उभा एक आडवा, खिळे मारून. सॉमिलवाल्याकडे फळ्यांची काय कमी.

मग लेव्हल. पाणसळ बेडवर दोन्ही दिशेला ठेवायची. पहिला ओंडका चढवून उतरवल्यावर परत बघायची, कारण पहिल्या भाराने पॅड बसतात. पावसाळ्यात रोज सकाळी.

उत्तनकर (मंगळवार, ८:२०)

शेजारी निघालात की! मी उत्तनचा, आमच्याकडे होड्यांची कामं. जमिनीचं सिव्हिलवाले बोलले ते शंभर टक्के, आमच्याकडे होडी ओढून घेताना एका बाजूची माती बसली तर होडी कुशीवर येते आणि माणसं खाली.

माझं ओंडके रचण्याबद्दल. तुमचा ओंडका हातांपर्यंत येतो कसा? ट्रकमधून उतरवून ढीग मारता आणि तिथून लोटता?

गोराईचा_सुतार (मंगळवार, ८:३५)

हायड्रा (छोटी क्रेन) बोलावतो महिन्यातून एकदा, तो ढीग मारून जातो. मग एकेक पहारीने लोटत हातांवर.

उत्तनकर (मंगळवार, ९:०५)

मग धोका ढिगातच आहे अर्धा. ढिगातून ओंडका काढताना खालच्या बाजूला, म्हणजे मिल आणि ढीग यांच्या मधे कोण उभं नाय पायजे. बाजूने, टोकाकडून काढायचा. आणि सगळ्यात वरचा पहिला. मधला ओढला की वरचे सगळे येतात.

आम्ही काय करतो, ढिगापासून वेगळे, मिलच्या हातांच्या उंचीला दोन जाड बल्ल्या आडव्या टाकतो, जवळजवळ लेव्हलला, अगदी किंचित उतार. त्यावर एका वेळी एकच ओंडका, दोन्हीकडून पाचर मारून. मिलचे हात रिकामे असतील तेव्हाच पाचर काढायची. दुसरा ओंडका ढिगातच थांबेल, त्याला घाई नाय.

आणि ओंडका गाजरासारखा असेल, एका टोकाला जाड, तर तो सरळ घरंगळत नाय. जाड टोक पुढे पळतं, बारीक टोक मागे राहतं, ओंडका वळतो आणि एकाच हातावर येऊन बसतो. म्हणून जाड टोकाला थोडं मागे धरून ठेवायचं, पाचर तिकडची उशिरा काढायची. शिरिषाला तर फांदीचे खुंट पण असतात, खुंट आला की ओंडका टुणकन उडी मारतो. चढवायच्या आधी खुंट साफ करून घ्या, साल चिखलाची असेल तर ती पण खरवडा, पात्याला पण बरं.

मेंटेनन्सताई (मंगळवार, १०:५०)

आले परत. उत्तनकरांनी जाड टोकाचं सांगितलं ते फार महत्त्वाचं, हायड्रॉलिकच्या बाजूने तेच की दोन्ही हातांवर सारखा भार हवा. ओंडका लहान असेल आणि एका हातावरच टेकत असेल तर तो चढवायचाच नाही, बेल्ट बांधून चेन पुलीने घ्या.

सकाळी मशीन सुरू केल्यावर आधी सगळे सिलिंडर रिकामे तीनचार वेळा खालीवर करा. आत हवा असेल तर ती निघते, हात धक्के देत उचलत असतील तर इथेच दिसेल, आठशे किलोखाली नाही. ऑइलची पातळी सगळे सिलिंडर आत घेतलेले असताना बघायची, बाहेर असताना बघून टाकी भरली तर आत घेतल्यावर उतू जाते.

होसपाइप. हातांच्या बुडाशी जिथे पाइप वळतो तिथे तडे येतात, आणि पाइप खाली लोंबत असेल तर घरंगळणारा ओंडका त्यावरूनच जातो. बांधून घ्या. आणि कुठे फवारा दिसतोय असं वाटलं तर हात फिरवून शोधू नका. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाचं ऑइल कातडीत शिरतं, वरून नुसता एक ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट जायची वेळ येते. असं झालं तर मलम लावून घरी बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल आणि तिथे स्पष्ट सांगायचं की दाबाचं हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय, नाहीतर तेही टिटॅनसचं इंजेक्शन देऊन परत पाठवतील.

हात सुरुवातीलाच अडकले, उचलेनात, तर रिलीफ व्हॉल्व्ह (ऑइलचा दाब ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ न देणारी झडप) आवळायचा मोह होतो. नका आवळू. हात आडवा असताना सिलिंडरला सगळ्यात जास्त ताकद लागते, तिथे थांबला म्हणजे मशीन तुम्हाला सांगतंय की ओंडका जड आहे. ऐका त्याचं.

आणि मिलच्या उचललेल्या हाताखाली आपला हात, पाय, डोकं काही नाही. पाइप फुटला तर मिलचा हात खाली येतो, लिव्हर कुठल्या स्थितीत आहे ते तेव्हा कोणी विचारत नाही.

बिनधास्त_बाळ्या (मंगळवार, ११:१०)

बरं बाबा, ताईंचं ते पुठ्ठ्याचं खरं आहे. आमच्या गावात एका ट्रॅक्टरवाल्याचं बोट गेलं त्यात. ते मला माहीत नव्हतं की ऑइल आत शिरलं म्हणून, आम्हाला वाटलं विंचू.

एक माझ्याकडून घ्या, फुकट. चढवताना आवाज एकानेच द्यायचा. आमच्यात चौघे चार बाजूने ओरडतात, एक म्हणतो "बस", म्हणजे पुरे, आणि खरंच एक नवीन पोरगा एकदा खाली बसला होता. तेव्हापासून आमच्याकडे "थांब" हा एकच शब्द, आणि तो कोणीही म्हणाला तरी थांबायचं.

फर्निचरवेडा_ठाणे (मंगळवार, ११:१५)

"बस" वर खुर्चीतून पडलो, मग भीतीही वाटली.

उत्तनकर (बुधवार, ७:३०)

खिळ्यांचं कोणी बोललं नाय. मुंबईच्या रस्त्यावरचं झाड म्हणजे जाहिरातींचे, क्लासवाल्यांचे, रोषणाईचे खिळे पोटात घेऊन मोठं झालेलं. मेटल डिटेक्टर फिरवता का?

गोराईचा_सुतार (बुधवार, ७:४५)

फिरवतो, तरी महिन्याला दोनतीन पाती जातातच. तोक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, पडलेला एक ओंडका मिळाला होता, त्यात अख्खी सायकलची चेन निघाली. पण तो कापायचा विषय झाला, वेगळा धागा काढू.

सिव्हिलवाला_डोंबिवली (बुधवार, ९:२०)

विषय निघालाच आहे तर, लायसनचं बघितलंय ना? सॉमिल पोर्टेबल असली तरी वनखात्याला विचारल्याशिवाय सुरू करू नये, २०१६ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत लाकडावरच्या उद्योगांसाठी. आणि झाडाला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. वाचणारे कोणी उद्या मशीन मागवतील म्हणून लिहितोय.

गोराईचा_सुतार (बुधवार, ९:३०)

आहे आहे, सगळे कागद आहेत, त्याला मशीनपेक्षा जास्त दिवस लागले.

रेरोडचे_काका (बुधवार, ११:००)

उभं कुठे राहायचं ते राहिलं. लिव्हर धरणारा सोडून बाकी सगळे ओंडक्याच्या टोकांच्या बाजूला, आणि तिथेही चार पावलं लांब. चढवायच्या बाजूला मागे कोणी नाही कारण ओंडका मागे येऊ शकतो, पलीकडे कोणी नाही कारण तो पुढे जाऊ शकतो. म्हणजे फळ्या रचायची जागा शिपायांच्या मागे ठेवलीत तीच मुळात चूक आहे. शिपाई उभे असले तरी. लोखंड आहे, वाकतं, पिन निसटते. फळ्या मिलच्या टोकाकडे नेऊन रचा, दहा पावलं जास्त चालावं लागेल भाच्याला.

गोराईचा_सुतार (बुधवार, ११:२०)

काका हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. मी शिपायांचाच विचार करत बसलो, भाचा तिथे का होता याचा नाही.

मेंटेनन्सताई (बुधवार, रात्री ९:४०)

चढवल्यानंतरचं एक. ओंडका शिपायांना टेकला की हात लगेच पूर्ण खाली नका नेऊ. ओंडका फिरवेपर्यंत हात अर्धे वर ठेवा, म्हणजे पंज्यातून निसटला तर मागे पडायच्या ऐवजी हातांवर अडतो. क्लॅम्प पक्का बसला की मग हात खाली, मग कापायला सुरुवात.

आणि उचलताना शेवटचा भाग सगळ्यात हळू. ओंडका हातावरून बेडवर सरकायला लागतो त्या क्षणाला लिव्हर थेंबथेंब द्यायची. आठशे किलो धावत येऊन शिपायांना धडकलं तर उभे शिपाईसुद्धा किती वेळा सहन करतील.

गोराईचा_सुतार (तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:१५)

मंडळी, उशीर झाला, पाऊस आणि गणपतीच्या मखरांची ऑर्डर दोन्ही एकदम.

काय काय केलं ते सांगतो. जॅकखाली सिव्हिलवाल्यांनी सांगितले तसे फळ्यांचे पॅड, दोन थर, टायर हलके. पहिल्याच दिवशी चढवायच्या बाजूचा एक पॅड पाऊण इंच बसला, परत लेव्हल केली, त्यानंतर हललेला नाही, मधे तीन दिवस धो धो पाऊस होता तरी. उत्तनकरांच्या बल्ल्या टाकल्या, ढीग मिलपासून पंधरा फूट मागे नेला. फळ्या आता टोकाकडे. भाचा कुरकुरतो, कुरकुरू दे.

शिपायांना लाल रंग मारला, तो पण फक्त वरच्या अर्ध्या भागाला आणि चढवायच्या बाजूला तोंड करून. म्हणजे मी लिव्हरपाशी उभा असताना चार लाल पट्टे दिसले पाहिजेत. झोपलेले असतील तर दिसतच नाहीत. चार मोजल्याशिवाय लिव्हरला हात नाही.

आणि काकांचं. शेवटची फळी उतरली की क्लॅम्प खाली, पंजा खाली, डोकं मागे, शिपाई वर करून हलवून बघायचे, भुसा खरवडायचा, मग मी ओरडतो "खाली झाली", मग चहा. पहिले दोन दिवस शेजारी हसले. काल एकदा मी न ओरडताच चहाला निघालो तर भाच्याने किटली धरून ठेवली, दिली नाही.

एक अडचण अजून आहे. ओळीतला दुसऱ्या नंबरचा शिपाई वर केला की लॉक पकडतो पण ढिला वाटतो, हाताने अर्धा इंच बाहेर जातो. पिन झिजली असेल का बुशिंग (पिन ज्यात बसते ती नळी)?

मेंटेनन्सताई (रविवार, ८:३०)

फोटो टाका, बुडाशी जवळून, आणि भुसा पुसून. अर्धा इंच पिनच्या झिजेला जास्त आहे, भोक लांबट झालं असेल. तोवर त्या शिपायाला मोजू नका, तीनच आहेत असं समजून हलके ओंडके घ्या.

रेरोडचे_काका (रविवार, ९:१०)

किटली धरणाऱ्या भाच्याला माझ्याकडून शंभर रुपये. एखाद्या रविवारी बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीने येतो, मशीन बघायला.

गोराईचा_सुतार (रविवार, ९:२०)

या काका, भरती बघून या, ओहोटीला बोट लांब लावतात आणि चिखलातून चालावं लागतं. फोटो उद्या सकाळी टाकतो ताई, आत्ता अंधार झालाय.